सोलांजची बारा मिनिटं

आमची सोलांज नवऱ्याला टाकून एका उडणाऱ्या माणसाबरोबर पळाली, हे मी मंगळवारी पावाच्या रांगेत ऐकलं आणि, खोटं कशाला बोलू, पुढं दोघींना सांगितलंही. खरं एवढंच की ती बारा मिनिटं हवेत होती आणि उडाली त्याच शेतात उतरली.

तिचा नवरा फेर्नां दर ऑक्टोबरात चार तास गाडी हाकत कोरेझच्या जंगलात अळंबी वेचायला जातो. जागा बापानं मरताना सांगितलेली. बायकोला त्यानं तीस वर्षांत त्या जागेचा पत्ता लागू दिलेला नाही. गाडी दोन किलोमीटर अलीकडं लावतो, फोन बंद करतो, उलट्या वाटेनं रानात शिरतो. सोलांज गाडीत विणत बसते. आमच्याकडं असंच असतं; जागा फुटली की दुसरेच आधी वेचून नेतात. माझ्या सासऱ्यांनी त्यांची जागा पाद्र्यालासुद्धा सांगितली नव्हती.

पण गेल्या वसंतात फेर्नांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. आणि यंदा, ती उडाली त्या दिवशी, तो बाराला गाडीकडं जेवायला परतला नाही. उभ्या जन्मात त्यानं दुपारचं जेवण चुकवलेलं नाही. पावणेदोन झाले. पोलिसांना बोलवायचं, तर कुठल्या रानात शोधा म्हणून सांगायचं?

शेजारच्या शेतात लुदोविक नावाचा एक तरुण पॅरामोटर घेऊन आला होता: तीन चाकांचा दोन आसनी गाडा, मागं पंखा, वर कापडी पंख. सोलांजनं त्याला गाठलं. शिडीवर चढायला लागू नये म्हणून ही बाई पडदे धूत नाही! त्यानं वजन विचारलं. हिनं सात किलो कमी सांगितलं, म्हणून गाडा जमीन सोडेना; शेत संपता संपता एकदाचा उठला.

चौथ्या घिरटीला चेस्टनटच्या झाडांमधल्या मोकळ्या जागेत फेर्नां दिसला. पडलेल्या खोडावर बसून सॉसेज खात होता. यंदा अळंबी इतकी उगवली होती की गडी जेवायला परतायचंच विसरला होता. सोलांजनं हाक मारायला तोंड उघडलं, तोच तो पुढं कोसळला. पालथा. हलेना.

ती सांगते, त्या क्षणी तिला उंचीची भीती वाटली नाही, कशाचीच वाटली नाही. तिनं लुदोविकचा खांदा असा धरला की वळ उठले. तो खाली, आणखी खाली गेला. तेव्हा फेर्नांनं मान वर केली आणि मूठ उगारली. कुणीतरी आभाळातून जागा हेरतंय, असं वाटून तो अळंबीवर आडवा झाला होता. टोपलीवर टाकलेला कोट पुरला नव्हता, म्हणून बाकीची स्वतःच्या पोटानं झाकली होती.

उतरल्यावर सोलांज गवतात बसून रडली. लुदोविकनं पैसे घेतले नाहीत, पाणी दिलं.

अडीचला फेर्नां चिखलानं माखून आला. वर कोण होतं ते कळल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला. बापाला दिलेला शब्द गेला, घराण्याची जागा गेली, तीस वर्षं जपलेलं गुपित बाईमाणसानं पंखा लावून फोडलं, असं त्यानं गाडीत बसेपर्यंत ऐकवलं. सोलांजनं विणकाम पिशवीत भरलं, पट्टा लावला आणि म्हणाली,

"आता खुशाल मर. उचलायला कुठं यायचं ते मला कळलंय."