पायरी नसलेले पाणी

माझे माहेर कवठे महांकाळकडचे, कोरडवाहू. तिथे पाणी म्हणजे विहीर. हिरवी, शेवाळाच्या वासाची, जागची न हलणारी. वडिलांनी पाठीला वाळलेला भोपळा बांधून मला तीत ढकलले होते आणि काठावरून ओरडत राहिले होते, "पाय टाक! पायरी घावली की सुटलीस!" बुडालेल्या पायरीचा बुळबुळीत दगड तळव्याला लागला की जीव वाचतो, हे तेव्हापासून माझ्या अंगाला ठाऊक आहे.

सासर शिराळ्याकडचे, उसाच्या रानातले. यजमान फौजेत कायक चालवायला शिकले. गेल्या हिवाळ्यात, एका शनिवारी, त्यांनी मला वारणेच्या संथ डोहात त्या चिंचोळ्या होडीत बसवले. कमरेपर्यंत अंग गिळून घेणारी होडी ती. उलटली की आपणही तिच्यासकट डोके खाली. कमरेभोवतीचे रबरी आवरण ओढून सुटायचे. दिवसभर तेच केले. जिभेवर गाळाची चव, कानांत माझ्याच रक्ताचा ठोका.

"भ्या वाटतंय व्हय?" यजमानांनी विचारले.

"आवं, तुमी पलटणीत शिकलाय. मी शेरडांमागनं आलेली."

"मग उद्या शेरडावानी उड्या मारू नगंस. कोयना हाय ती. पडलीस तर उभं ऱ्हायचं न्हाई. उताणी पड, पाय फुडं, वाहत जा. मी खाली हायेच."

रविवारी कोयनेचा आवाज आधी आला, नदी मागाहून दिसली. दोन्ही काठांची झाडी इतकी देखणी की तिच्याकडे पाहताना पाण्यावरचे लक्ष सुटेल अशी भीती वाटावी. यजमान पुढे गेले, फेसात दिसेनासे झाले, खालच्या वळणावर पुन्हा वर आले. त्यांनी वल्हे उंचावले. मी निघाले, आणि पहिल्याच खळाळाने मला उलटे केले.

आवरण ओढले. सुटले. अंगातल्या तरंगत्या जॅकेटने वर उचलले. तेवढ्यात तळव्याला दगड लागला.

पायरी! सारे अंग हरखले. मी उभी राहिले.

दोन दगडांच्या बेचक्यात पाऊल रुतले आणि पाठीमागून नदीने मला वाकवायला सुरुवात केली. एखाद्या म्हशीने मान रेटावी तशी, शांतपणे. तोंड पाण्यात, क्षणभर बाहेर, पुन्हा पाण्यात. श्वासात निम्मे पाणी येत होते.

यजमान काठावर चढले होते. त्यांचे तोंड हलताना दिसत होते, शब्द पोचत नव्हते. त्यांनी फेकलेला दोर एकदा हुकला, दुसऱ्यांदा हाती लागला. त्यांनी वरच्या अंगाला ओढला तेव्हा पाठीवरचा भार थोडा हलला.

"बूट सोड!"

ऐकू आले. पण बुटाच्या आत माझी बोटे वळून त्या दगडालाच धरून बसली होती. ती उघडायला मला स्वतःशी झगडावे लागले. मग पाऊल निसटले, आकाश समोर आले, पाय पुढे झाले.

काठावर यजमान दोर गुंडाळत होते. तो पुनःपुन्हा हातातून सुटत होता.

"सांगितलं हुतं न्हवं," एवढेच ते म्हणाले, आणि पाठ फिरवून उभे राहिले.

उन्हाळ्यात माहेरी गेले. विहिरीत उतरले, सवयीने पाय खाली सोडला. तळव्याला पायरी लागली. मी किंचाळून पाय वर घेतला आणि पाण्यावरचा कोरडा दगड हातांनी गच्च धरून लोंबकळत राहिले.