गुरुजींच्या रक्तातलं लिथियम

“तुमचं मशीन बिघडलंय, बाई,” डॉक्टरसाहेब म्हणाले आणि माझा रिपोर्ट टेबलावर ठेवून वॉर्डकडे निघाले.

परभणीतल्या एका खाजगी दवाखान्यात मी नुकतीच लॅब टेक्निशियन म्हणून लागले होते. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आधी माझं आडनाव विचारून मग रिपोर्टवर विश्वास ठेवणारेही तिथे होते. साहेब त्यांतले नव्हते. ते फक्त घाईत होते.

रिपोर्ट पिंगळीच्या मारोतराव गुरुजींचा होता. वर्षापूर्वी त्यांचं मन असं उधळलं होतं, की झोप नाही, वर्गात अखंड बडबड. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. त्यांचा तोल गेला की माणूस उधळतो, नाहीतर खचतो. लिथियम हा क्षार तो तोल सांभाळतो. मात्र कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर विष. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं. लिथियमच्या गोळ्यांवर गुरुजी पुन्हा शाळेत जाऊ लागले होते. आता परत बरळायला लागले, हात थरथरायला लागले, चालताना झोकांड्या जायला लागल्या, म्हणून त्यांना दाखल केलं होतं. आजार उलटला असं समजून साहेब डोस वाढवणार होते.

माझ्या आकड्याप्रमाणे लिथियम आधीच हवं त्याच्या दुप्पट होतं.

मी फ्लेम फोटोमीटर पुन्हा पेटवला. यात रक्ताचा नमुना ज्योतीत फवारतात. लिथियमनं ज्योत लाल होते आणि किती लाल, ते काटा सांगतो. आधी प्रमाण माहीत असलेलं द्रावण लावलं. काटा बरोबर. मग गुरुजींचा नमुना. तोच आकडा.

गोळीनंतर लगेच रक्त काढलं तरी आकडा फुगतो. म्हणून त्यांच्या पत्नीला, सुमनबाईंना गाठलं. गोळी आदल्या रात्रीची होती, जास्तीची एकही दिलेली नव्हती. मग जेवणाचं विचारलं. त्या अडखळल्या.

“पोखर्णीच्या नरसिंहाला नवस केलाय म्या, हे बरे ऱ्हावेत म्हणून. तीन आठवडे झाले, अळणीच खायलेत.”

अंगात मीठ कमी पडलं की मूत्रपिंडं उरलेलं मीठ धरून ठेवतात. लिथियम त्यांना मिठासारखंच वाटतं. तेही बाहेर पडत नाही, साठत जातं.

मी पळतच वॉर्डात गेले. सिस्टरच्या हातात गोळ्या होत्या.

“साहेब, मशीन ठीक आहे. गुरुजींनी तीन आठवडे मीठ खाल्लेलं नाही.”

साहेबांनी गोळ्या परत ठेवायला लावल्या आणि सलाईन मागवलं. सलाईन म्हणजे मिठाचंच पाणी. मी रोज रक्त तपासत होते, रोज आकडा उतरत होता. पाचव्या दिवशी गुरुजींनी स्पष्ट शब्दांत पेपर मागितला. सुमनबाई रडायला लागल्या. साहेब त्यांना रागावले नाहीत. नवस पुरा करायचा तर मिठाऐवजी गोड सोडा, एवढंच म्हणाले. मग सगळ्या स्टाफसमोर त्यांनी सांगितलं, “रिपोर्ट बाईंचा बरोबर होता. चूक माझी.”

थोड्या डोसवर गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. गुरुजी निवृत्त होईपर्यंत गणित शिकवत राहिले.

आकडा पटला नाही तर मशीन जरूर तपासावं. पण पेशंटच्या घरी काय शिजतंय, तेही विचारावं.