पोडावरचं रक्त

"एम. डी. म्हणू नोका हो. नुसतं डॉक्टर म्हणा."

कुणी पदवीसकट नाव घेतलं की आमचे डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठायचे, एवढंच बोलायचे आणि स्वच्छ असलेला चष्मा पुन्हा पुसायला लागायचे. तालुक्याहून तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, किती हा विनय! तुम्हीही पाहिलं असतं तर तेच म्हणाला असता. पण मी त्याच दवाखान्यात नर्स होते. त्यांना त्या दोन अक्षरांची मनापासून लाज वाटायची, आणि ती अक्षरं त्यांच्या नावामागे कशी लागली ते मी समोर उभी राहून पाहिलं आहे.

झरी-जामणीकडच्या जंगलपट्टीत आमचा दवाखाना होता. दोन कौलारू खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर बसलेले थंडीतापाचे पेशंट. डॉक्टर आले तेव्हा नुकतेच एम. बी. बी. एस. झालेले. नेरचे. वडील कापसाच्या जिनात कामाला. छप्पन साली घरातल्या सगळ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा हे कॉलेजात शिकत होते. ती आठवण ते फार रंगवून सांगायचे.

"बाप दीक्षा घेऊन आला अन् मले म्हणे, आता असन तितकी मोठी डिग्री घे. मधात थांबू नोको. मी म्हटलं, बाबा, सगळ्यात मोठी कोणती तेच मले मालूम नाही. तर म्हणे, कॉलेजात इचार, अन् तीच घे!"

आणि मोठ्याने हसायचे. तेव्हा ते फार हसायचे. त्यांचं हसू ऐकून ओट्यावर कण्हणारी माणसंही हसायची.

दुपारी गर्दी ओसरली की चहा घेताना पुढच्या शिक्षणाचा विषय निघायचा. मी मूळची नगरकडची, शिक्षण नर्सिंगपुरतं. तरी सल्ला मलाच विचारायचे.

"सिस्टर, मेडिसिनात एम. डी. करू का पॅथॉलॉजीत?"

"फरक काय दोन्हींत?"

"मेडिसिन म्हणजे वॉर्ड. रोगी समोर. पॅथॉलॉजी म्हणजे रक्त, काच अन् सूक्ष्मदर्शक. तिसरं सार्वजनिक आरोग्याचं हाय, ते साथीच्या रोगांचं. अन् या सगळ्याच्या वरतं पीएच. डी."

"मग रोगी समोर असलेलं घ्या की."

"तिथं रांग लय मोठी हाय, सिस्टर. अन् माह्यासाठी कोणी शब्द टाकणारं नाही."

एकदा ते रजा घेऊन शहरात कॉलेजात जाऊन आले आणि आल्याआल्या सांगायला लागले. पॅथॉलॉजीच्या प्राध्यापकांनी जागा देऊ केली होती. अट एकच, प्रबंधाचा विषय स्वतःचा हवा. आणि विषयही त्यांनीच सुचवला होता. काही माणसांच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, मग रक्त अडतं, हाडं दुखतात, लेकरं पिवळी पडतात. हा आजार आपल्या भागात पुष्कळ असावा, पण कुणी नीट पाहिलेलं नाही.

"सर म्हणाले, तुझा प्रबंध तुझ्या दवाखान्याच्या मागंच पडलाय. जा अन् घेऊन ये."

दवाखान्याच्या मागे जंगलात कोलाम आदिवासींचं पोड होतं. पोड म्हणजे त्यांची वस्ती: कुडाच्या भिंतींची थोडी घरं आणि मध्ये साफ सारवलेलं अंगण. आम्ही सुया आणि बाटल्या घेऊन गेलो. सुया पाहून बाया लेकरांना घेऊन आत गेल्या, पुरुष लांब उभे राहिले. डॉक्टरांनी आपल्या हातात सुई खुपसून दाखवली, गोष्टी सांगितल्या, नकला केल्या. हसले सगळे, पण हात कुणी पुढे केला नाही.

तेव्हा लेतू टेकामची मुलगी भीमी उठली. बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या लेतूची ही एकुलती एक. जेमतेम वयात आलेली, डोळे हळदीसारखे पिवळे. थंडी पडली की तिचे गुडघे आणि कंबर अशी दुखायची की बापाने पाठीवर घालून तिला आमच्याकडे आणायचं.

"हे रक्त नेल्यावर माह्यं दुखणं थांबन काय?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी हातातली सुई कापसाने पुसली. मग म्हणाले, "थांबन ना. हे मोठ्या शहरात नेतो. यातूनच तुह्यं औषध सापडन. घेऊनच येतो."

तिने हात पुढे केला. तिच्यामागून लेतूने केला, मग पोडाच्या नाईकाने, मग सगळ्यांनी. परतताना डॉक्टर वाटभर शीळ घालत होते. मीही खुशीत होते. मला वाटलं, या मुलीला आता औषध मिळणार.

ते शहरात शिकायला गेले. त्यांच्या जागी कधी कुणी असायचं, कधी कुणीच नसायचं. भीमी थंडीत यायची, मी दुखण्याच्या गोळ्या द्यायची, गरम पाण्याने शेकायची. लेतू दर वेळी विचारायचा, "डाक्टरसाबचं पत्र आलं काय? औषध सापडलं काय?" मी म्हणायची, "मोठं काम आहे, वेळ लागतो."

डॉक्टर एम. डी. झाले. नेरला त्यांच्या मोहल्ल्यात सत्कार ठरला, मलाही बोलावणं आलं. कनाती लावल्या होत्या, बँड होता. त्यांचे वडील धुवट धोतर नेसून प्रत्येकाला सांगत होते, "आमच्या घरात आता याच्या वरतं फक्त पीएच. डी. राह्यली. ते बी करून राह्यला तो!" डॉक्टर बोलायला उठले. "ही डिग्री माही एकट्याची नाही," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी मान वर केली नाही.

जेवणं झाल्यावर मी विचारलं, "आणि भीमीचं औषध?"

"पोडावर येऊनच राह्यलो, सिस्टर. सरांनी पीएच. डी. साठी नाव घातलंय. त्याच घरांचं रक्त पुन्हा पाह्यजे."

"औषध विचारतेय मी."

त्यांनी चष्मा काढला. "औषध नाही. जगात कुठंच नाही अजून. मी तिले सांगतलं ना, तवाच मले मालूम होतं."

ते चष्मा पुसत राहिले. नंतर ते म्हणाले, "तवा वाटलं, एवढा एक शब्द खोटा बोललो का काम होते."

पुढच्या आठवड्यात ते आले आणि आम्ही पोडावर गेलो. या वेळी कुणी आत पळालं नाही. अंगणात खाट टाकली. लेतूने पाणी दिलं. भीमी बाहेर आली ती काठी टेकत, एक पाय ओढत. कंबरेचं हाड कायमचं गेलं होतं. ती डॉक्टरांसमोर बसली, त्यांच्या पिशवीकडे पाहिलं, सुया पाहिल्या, आणि काही न विचारता हात पुढे केला.

डॉक्टरांनी दंडाला पट्टी बांधली. शीर शोधायला लागले. सापडेना.

तर भीमीच त्यांना समजावणीच्या सुरात म्हणाली, "घ्या ना, डाक्टरसाब. मागच्या खेपेले कमी पडलं असन. आता जास्तीचं घ्या."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली, पट्टी सोडली आणि तिचा हात तिच्या मांडीवर परत ठेवला. मग उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"कमी नाही पडलं, भीमी. रक्त पुरं होतं. त्या रक्तावर मी मोठा डॉक्टर झालो. तुह्यासाठी काहीच आणलं नाही. या आजाराले औषध नाही, हे मले पहिल्या दिवशीच मालूम होतं. मी खोटं बोललो."

मला वाटलं, आता कुणी शिवी देईल, हाकलून लावेल. नाईक पुढे येऊन खाटेशी उभा राहिला.

"मंग आज खरं काहून सांगून राह्यला?"

"आज खोटं बोलता आलं नाही," डॉक्टर म्हणाले.

लेतू उठून घरात गेला. तो दिवसभर बाहेर आला नाही.

पीएच. डी. तिथेच संपली. प्राध्यापक रागावले, शहरातली शिकवण्याची नोकरीही हुकली. डॉक्टर नेमणूक मागून घेऊन आमच्याच दवाखान्यात परत आले. वडील एकदा नेरहून आले आणि ओट्यावर बसून विचारत राहिले, "पुढचं काहून सोडलं, बाबू? कोणी काही बोललं काय तुले?" डॉक्टर पुढचा पेशंट तपासायला लागले. वडील डब्यातली भाकर न खाता परत गेले.

डॉक्टर आता हसत नसत. थंडीच्या आधी पोडावर जायचे, घोंगड्या पोचवायचे, पाणी भरपूर प्यायला सांगायचे, तापाची गोळी ज्याच्या त्याच्या हातात द्यायचे. भीमीला कळ आली की तिच्या खाटेशी बसून राहायचे. ती त्यांच्याशी पूर्वीसारखीच बोलायची, आणि तेच त्यांना सोसवत नसे. एका हिवाळ्यात तिला ताप भरला, छाती दाटली, आणि बैलगाडीतून दवाखान्यात आणेपर्यंत ती गेली. डॉक्टरांनी तिच्या बापाकडे पाहिलं नाही. आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर त्यांनी बदलीचा अर्ज केला. मी लसीकरणाला दुसऱ्या गावी गेले होते, तेव्हा ते सकाळच्या मोटारीने निघून गेले. कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. महागावकडे गेले एवढं कळलं. पुन्हा आमची भेट झाली नाही.

ते गेल्यावर थोड्याच दिवसांनी लेतू आला. खांद्यावर नवी विणलेली मोठी टोपली होती.

"डाक्टरसाबले द्यायची होती," तो म्हणाला.

मी सांगितलं, ते गेले, बदली झाली.

तो ओट्यावर बसला. "न सांगता? काहून? आमी काही बोललो होतो काय त्याले?"

"नाही, लेतूबाबा. कुणीच काही बोललं नाही."

"इथं लय साहेब येऊन गेले, बाई. खोटं सगळेच बोलले." तो टोपलीच्या काठावरून बोट फिरवत राहिला. "आमच्या अंगणात उभं राहून खरं सांगणारा तो एकच होता. मी त्याले हे कधी म्हटलंच नाही."

ओट्यावर पेशंटांची रांग होती. लेतू रांगेच्या शेवटी जाऊन बसला, टोपली मांडीवर घेऊन. एकेक जण गोळ्या घेऊन निघून गेला. मी कुलूप घेऊन बाहेर आले, तरी तो तिथेच बसला होता.