गद्रेबाईंच्या पेटीतली साखर

श्यामला गद्रे यांच्या घरातून आजवर कोणाचा डबा रिकामा परत गेलेला नाही. शेजारून चकल्या आल्या, तर त्याच डब्यातून अनारसे जाणार. घरात काहीच नसलं तर तळाला चिमूटभर साखर तरी पडणारच. मंडईमागच्या त्यांच्या इमारतीत एका बिऱ्हाडाने या देवाणघेवाणीला कंटाळून एकदा वस्तू प्लास्टिकच्या पिशवीतून पाठवली. पिशवी कोण परत करतं, असा त्यांचा हिशेब. ती पिशवी संध्याकाळी लिंबं घेऊन परत आली. तेव्हापासून त्या बिऱ्हाडाने नाद सोडला.

नोकरी म्हणाल तर गद्रेबाई कर्वे रस्त्यावरच्या एका कंपनीत आवक-जावक सांभाळत. कंपनीचं काम नामी होतं. ड्रोनने काढलेले पुलांचे हजारो फोटो जुळवायचे, तडे कुठे पडलेत ते शोधायचं आणि सगळा ढीग गिऱ्हाइकाच्या क्लाउडवर पोहोचवायचा. ढीग एवढा मोठा, की नेटवरून पाठवायला बसलं तर तोवर पूल पडेल, असं मालक दिगंबर सोहोनी स्वतःच म्हणत. म्हणून मग क्लाउडवाल्या कंपनीकडून आत मोठी हार्ड डिस्क असलेली एक करडी, जाडजूड पेटी यायची. तिच्यात फोटो भरायचे आणि ती चक्क ट्रकने त्यांच्या केंद्रावर पाठवायची. तिथे ती रिकामी करून फोटो क्लाउडवर चढवले जात. जगातला सगळ्यात आधुनिक माल शेवटी कुरिअरच्या गाडीतून धक्के खात जातो, याचं गद्रेबाईंना फार समाधान वाटे.

ते समाधान गंधारने घालवलं. गंधार म्हणजे कंपनीतला तरुण इंजिनियर. पोरगा गोड, दाढी राखलेला, खाण्यापिण्याचे हाल असलेला. त्याने असा प्रोग्रॅम लिहिला की पेटी कधी मागवायची, कधी भरायची, कुरिअरला कधी बोलवायचं हे सगळं तो प्रोग्रॅमच ठरवणार. पेटीच्या अंगावर एक छोटा पडदा असतो, त्यावरचा पत्तासुद्धा आपोआप बदलणार. ज्या बाईच्या अक्षरावरून पोस्टमन लोक तिची पाकिटं ओळखायचे, तिच्यासमोर पेटी स्वतःचा पत्ता स्वतः लिहू लागली.

सोहोनींनी एक दिवस त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "गद्रेबाई, दिवाळीनंतर आपण आता आराम करा."

पुण्यात कोणी कोणाला आराम करा म्हणालं, की समोरच्याने चप्पल शोधायला लागावं. गद्रेबाई "बरं" म्हणून बाहेर आल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. पैशांची त्यांना चिंता नव्हती. यजमान जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी सासरी सुखात होती. पण दुपारी त्या घरात पंख्याशिवाय कोणी बोलत नसे. त्या दुपारींना गद्रेबाई घाबरत होत्या, आणि हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

अशात नागपूरच्या गिऱ्हाइकाचं मोठं काम निघालं. एक पेटी भरून रवाना झाली आणि मागोमाग दुसरी दारात आली.

"काकू, ही एक्स्ट्रा आहे," गंधार म्हणाला. "प्रोग्रॅमने बॅकअप म्हणून मागवली होती. पहिलीत सगळं मावलं, सो ही एम्प्टी रिटर्न जाईल."

"रिकामी?"

"हो. त्यांची पॉलिसीच आहे तशी."

"त्यांच्या घरी कोणी मोठं नसेल सांगायला."

गंधार हसला आणि जेवायला गेला. गद्रेबाईंनी पेटीभोवती एक फेरी मारली. झाकण उघडण्यासारखं नव्हतं. साखरेची पुडी सरकवावी अशी फटही कुठे सापडेना. परक्याची वस्तू, एवढ्या लांबून आलेली, ती अशीच पाठवायची म्हणजे काय? बरं, ही कदाचित आपल्या हातून जाणारी शेवटची पेटी. ती तरी धड जायला नको?

गंधारने त्यांना मागे कौतुकाने दाखवलं होतं, की कॉम्प्युटरवर 'पेटी' नावाचं एक फोल्डर आहे आणि त्यात जे टाकू ते आपोआप पेटीत जातं. गद्रेबाईंनी चहाच्या कपाटातून वाटी काढली, तीत साखर घेतली आणि मोबाइलने फोटो काढला. पहिल्यात अंगठा आला. दुसरा चांगला आला, तो त्यांनी फोल्डरमध्ये टाकला आणि वाटी धुऊन जागेवर ठेवली.

आता प्रोग्रॅमचं डोकं ते केवढं. पेटी रिकामी असेल तर परत धाडायची आणि विसरायची. पेटीत काही असेल तर तो गिऱ्हाइकाचा माल. त्याने साखरेच्या वाटीवर नागपूरचं नाव घातलं, विश्रांतवाडीहून कुरिअर बोलावला आणि पेटी मानाने रवाना केली. पहिली पेटी तेव्हा गाडी बंद पडल्यामुळे वाटेत कुठल्याशा गोदामात पडून होती, त्यामुळे साखर आधी पोहोचली. प्रोग्रॅमने नागपूरला कळवलं, तुमचे फोटो पोहोचले. आणि नेमून दिल्याप्रमाणे कंपनीतले मूळ फोटो पुसण्याची वेळही ठरवून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळची.

हा निरोप गेला त्याच दुपारी नागपूरहून इंद्रजीत बोरकुटेंचा फोन आला. पुलांचे मुख्य तेच. सोहोनींनी फोन स्पीकरवर ठेवला.

"सोहोनीसाहेब, तुमचं काम उघडून पाहिलं जी. एक वाटी साखर हाय. पूल कुठं हाय?"

सोहोनींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. गंधार जागेवरून उठला तो थेट पुसायचं काम थांबवायला धावला. मूळ फोटो जागच्या जागी होते.

"वाटी कोणाची आहे ही?" सोहोनींनी खालच्या आवाजात विचारलं. ते ओरडत नसत, हेच त्यांचं वाईट होतं.

वाटी सगळ्यांच्याच ओळखीची होती. काठावर 'सौ. श्यामला' असं नाव घातलेलं होतं आणि फोटोत तेवढंच अगदी ठसठशीत आलं होतं. खुर्ची दिवाळीनंतर नाही, आजच जाणार, हे गद्रेबाईंना स्वच्छ दिसलं. मग एरवीही जाणारच आहे तर, असं म्हणून त्या फोनजवळ आल्या.

"नमस्कार. मी श्यामला गद्रे, आवक-जावक. तुमचे पूल वाटेत आहेत, आधी निघालेल्या पेटीत. आमच्याकडे माल भरून पूर्ण झाला, की शेवटी साखर टाकायची पद्धत आहे. साखर उघडली की समजायचं, पाठवणाऱ्याने काम अर्धवट टाकलेलं नाही. या वेळी साखर तेवढी पुढे आली."

अशी पद्धत कर्वे रस्त्यावर काय, आख्ख्या महाराष्ट्रात नव्हती.

"हे बेस केलं बाई तुम्ही," बोरकुटे म्हणाले. "मागं एका कंपनीची पेटी आमाले अर्धीच भरून आली होती. आमाले पत्ताच नाही लागला. आता आमच्या हरेक पेटीत शेवटी साखर पाहिजे बरं, साहेब."

रागवायला उघडलेल्या तोंडातून सोहोनींनी "अर्थातच" एवढंच बाहेर काढलं आणि फोन ठेवला.

"ही पद्धत आपल्याकडे केव्हापासून आहे?"

"आत्तापासून," गद्रेबाई म्हणाल्या.

"सर, ॲक्चुअली आयडिया करेक्ट आहे," गंधार मान खाली घालून म्हणाला. "माझा प्रोग्रॅम पेटी पोहोचली का एवढंच विचारत होता. आत काय पोहोचलं, ते विचारतच नव्हता."

"हे आपल्याला आज सुचलं. फार लवकर सुचलं," सोहोनी म्हणाले.

पहिली पेटी यथावकाश पोहोचली, पूल सगळे सापडले. पण सोहोनी काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. दिवाळी तोंडावर आली तेव्हा त्यांनी दोघांनाही बोलावलं.

"गंधार, तो साखरेचा फोटो प्रोग्रॅममध्येच घालून ठेवा. दर पेटीत आपोआप जाईल. म्हणजे गद्रेबाई आराम करायला मोकळ्या."

"एकच साखर सगळ्यांना?" गद्रेबाई म्हणाल्या. "मग ती या पेटीची की मागच्या पेटीची, नागपूरला कसं कळायचं? साखर दर वेळी ताजी हवी."

"त्याचं काही नाही, सर," गंधार उत्साहाने म्हणाला, "फोटोवर तारीख टाकणं प्रोग्रॅमला एकदम इझी—"

गद्रेबाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "गंधार, माझा डबा तुझ्याकडेच आहे ना रे? गणपतीत मोदक नेले होतेस तो."

गंधार थांबला. डबा त्याच्याकडेच होता, मोदक कधीच संपले होते. त्याआधीचे पोहे, थालिपीठं आणि तापात पडला होता तेव्हाची मुगाची खिचडी, सगळं त्याला एकदम आठवलं असावं.

"नाही सर," तो म्हणाला. "प्रोग्रॅमने नाही जमणार. माणूसच लागेल."

सोहोनींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. पण नागपूरचं गिऱ्हाईक मोठं होतं, आणि रोज कपाटातून वाटी काढून साखरेचे फोटो काढत बसणं त्यांच्याच्याने होणारं नव्हतं.

दिवाळी झाली आणि गद्रेबाई आपल्या खुर्चीत होत्या. आता पेटी भरली की प्रोग्रॅम थांबतो आणि त्यांच्या पडद्यावर एकच प्रश्न येतो, साखर टाकली का? त्यांनी हो म्हटल्याशिवाय कुरिअरला निरोपच जात नाही. कधी कधी त्या मुद्दाम चहा संपेपर्यंत त्याला थांबवून ठेवतात.

पहिल्याच दिवशी टेबलावर त्यांचा डबा होता, घासून पुसून ठेवलेला. या पोराच्या हातून कधी पाणी धड उकळलं नव्हतं, त्यामुळे डब्यात काही असेल अशी अपेक्षाच नव्हती. त्यांनी सवयीने झाकण उघडलं. तळाला चिमूटभर साखर होती.

गद्रेबाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी ती साखर चहात टाकली. चहा नको इतका गोड झाला, पण त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला.