कमरेला लावलेलं

रिव्हॉल्व्हरला तेल द्यायला घेतलं की त्या वासाबरोबर मला वडिलांचा दहावा आठवतो. जमिनीवरून थोरल्या भावाशी बिनसलं तेव्हा मी परवाना काढला, आणि सदऱ्याखाली कुणाला कळू नये म्हणून दुकानात मुद्दाम आखूड नळीचं निवडलं. दहाव्याला पौडला नदीवर गेलो, तेव्हाही ते कमरेलाच होतं. पिंड मांडून तास होत आला, समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. ओल्या पंच्यानिशी उघड्या अंगानं बसलेला भाऊ हात जोडून म्हणाला, "आबा, रस्त्याकडंची जमीन धाकट्याला देतो. आता तरी शिवा." तरी कावळा हलला नाही. मी पाया पडायला वाकलो तसा सदरा वर सरकला आणि आत्याला दिसलं. ती हळूच म्हणाली, "आदी ते गाडीत ठिवून ये. तुज्या बापाला दिसतंय ते." मी गेलो नाही. भावाचा मला भरवसाच नव्हता. ऊन डोक्यावर आलं, शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. जमीन भावानं शब्दाप्रमाणे दिली. आज नळी पुसताना मला कावळे आठवत नाहीत, भावाची उघडी पाठ आठवते. तो तासभर ती माझ्याकडे करून बसला होता.