बेचाळीस नंबरचा बिल्ला

ह्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि नेमाने चिडते. कुणाला काहीतरी दिसतं, अंगावर काटा येतो, ते पळत सुटतात... अहो, मग दुसऱ्या दिवशी परत जाऊन तपासलं का नाही? तीस वर्षं मी बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये तयार माल तपासत आलेय. एखादा जॉब रिजेक्ट झाला की रजिस्टरमध्ये 'कारण' ह्या रकान्यात काहीतरी लिहावंच लागतं. तो रकाना रिकामा सोडायची आमच्याकडे कुणालाही मुभा नाही – मालकालासुद्धा नाही. मालक म्हणजे माझे यजमान. तेव्हा असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आजही ठेवायची इच्छा नाही. म्हणून हे लिहिताना माझीच मला चीड येतेय.

आधी बिल्ल्यांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावरच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी वर्कशॉपमध्ये शॉर्टसर्किट होऊन धूर झाला. सगळे बाहेर आले, एक टर्नर सापडेना. आम्ही जीव मुठीत धरून धुरात त्याला शोधतोय, आणि हा गृहस्थ सुट्टी टाकून येलहंक्याला घरी जेवत बसलेला. दुसऱ्याच दिवशी मी दाराशी बोर्ड लावला. प्रत्येकाच्या नावाचा पितळी बिल्ला, एक बाजू लाल, एक हिरवी. आत आलात की लाल करायचा, बाहेर पडताना हिरवा. आणि नियम एकच – माणसं काय म्हणतात ते ऐकायचं नाही, बोर्ड काय म्हणतो ते बघायचं.

सगळ्या कामगारांनी हा नियम पाळला. मालकांनी नाही. हे घरी येऊन चहा पीत बसलेले असायचे आणि बोर्डावर ह्यांचा बिल्ला लालच. मी रोज निघताना माझा फिरवायचे आणि शेजारचा ह्यांचाही. "तू आहेस ना फिरवायला," असं म्हणून हे हसायचे. मला काही हसू यायचं नाही.

तर ह्या माणसाला पेंग्विन बघायचे होते. टीव्हीवर नाही, प्रत्यक्ष. अर्जेंटिनाच्या पार खालच्या टोकावरून छोट्या जहाजातून दक्षिण जॉर्जिया बेटाकडे जाणारी सफर ह्यांनी दीड वर्ष आधी बुक केली, दोघांच्या नावाने. आणि निघायला आठ महिने असताना हे एका सकाळी दाढी करता करता गेले.

मी सफर रद्द करणार होते. पण अक्का म्हणाल्या, "रघूने इतकं मन लावून ठरवलं होतं, आपण जाऊ की. मी येते, सरी?" अक्का म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण, वय सदुसष्ट. त्यांच्या बोलण्यात असं मधेच कानडी येतं, 'सरी' म्हणजे 'ठीक आहे ना'. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे ह्यांना लहानपणी अक्कांनीच वाढवलं. जे. पी. नगरला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. कंपनीने ह्यांच्या जागी अक्कांचं नाव घातलं, आणि दोन मराठी बायका, एक साठीची आणि एक तिच्याही पुढची, मेथीचे ठेपले बॅगेत भरून बंगळुरूहून निघाल्या.

जहाज लहान, शंभराच्या आतले प्रवासी. सगळ्यांना कंपनीचं एकसारखं लाल जाकीट. बेटावर उतरायच्या आधी कपड्यांची तपासणी, कारण बाहेरचं एकही बी तिथे पडता कामा नये. अक्कांच्या खिशात बडीशेपेचे तीन दाणे सापडले. एका उंचपुऱ्या गोऱ्या माणसाने ते चिमट्याने उचलून प्लास्टिकच्या पिशवीत घातले. "अय्यो, एवढ्याशा बडीशेपेला भितात हे," असं अक्का मला म्हणाल्या.

आणि रबरी बोटींत उतरायच्या दाराशी एक बोर्ड होता. नंबराचे बिल्ले. बेटावर जाताना लाल, जहाजावर परत आलात की हिरवा. मी बघतच राहिले. आमच्या टीमची लीडर, एक करारी नॉर्वेजियन बाई, सांगत होती की प्रत्येकाने आपला बिल्ला आपणच फिरवायचा, नवऱ्याने बायकोचा नाही, बायकोने नवऱ्याचा नाही. मी जोरात मान हलवली. माझाच नियम होता तो.

माझा नंबर एक्केचाळीस. अक्कांचं नाव उशिरा घातल्यामुळे त्यांना शेवटचा, अठ्ठ्याहत्तर. माझ्या शेजारी बेचाळीस नंबर होता, तो ह्यांचा. यादी बदलली, पण तो बिल्ला काढायचा राहून गेला होता. असा निष्काळजीपणा मला खपत नाही, पण म्हटलं, परक्याचं जहाज आहे, जाऊ दे.

पहिल्या दिवशी एका बेटावर अल्बट्रॉस बघून परत आलो, तोच स्पीकरवर घोषणा – अठ्ठ्याहत्तर आणि बेचाळीस अजून लाल आहेत. अठ्ठ्याहत्तरचं कोडं नव्हतं, अक्का भावासारख्याच विसरल्या होत्या. पण बेचाळीस? लीडर बाईने माझ्याकडे रोखून बघितलं. मी म्हटलं, शेजारचाच आहे, जाताना सवयीने माझाच हात गेला असेल. तीस वर्षांची सवय. मी माफी मागितली आणि विषय संपला.

दुसऱ्या वेळी मी ठरवून उजवा हात खिशात ठेवला आणि डाव्या हाताने फक्त एक्केचाळीस फिरवला. फिरवून झाल्यावर बेचाळीसकडे बघूनही घेतलं. हिरवा. परत आलो तर लाल! ह्या वेळी मी लीडर बाईवरच चिडले, म्हटलं तुमच्या बोर्डाच्या खिळ्यांत दोष आहे. मी खिळा तपासला, बिल्ला तपासला. दोन्ही व्यवस्थित. शेवटी तिने तो बिल्ला काढला, माझ्या डोळ्यांदेखत आपल्या टेबलाच्या खणात टाकला आणि खण बंद केला. मला बरं वाटलं. म्हणजे, खोटं कशाला बोलू – थोडं वाईटही वाटलं.

तिसऱ्या उतरणीला राजा पेंग्विनांची वसाहत होती. हजारो पेंग्विन, मधे मधे तपकिरी लोकरी पिल्लं, वास असा की डोळ्यांत पाणी यावं. किनाऱ्यामागे टसॉक नावाचं कमरेपेक्षा उंच गवत, त्याच्या गड्ड्यांमध्ये खोल घळी. ह्यांना जे बघायचं होतं ते हेच. अक्का एका पिल्लासमोर बसल्या त्या उठायलाच तयार नाहीत. तासाभराने वारा सुटला आणि सगळ्यांनी लगेच बोटींकडे या, अशी हाकाटी झाली.

"अक्का, चला आता."

"स्वल्प थांब गं शालू. हे पिल्लू बघ, रघूसारखं मान वाकडी करतंय."

"दर वेळी तुमच्यासाठी मीच थांबायचं का? बसा तुम्ही तुमच्या पिल्लापाशी, मी चालले."

बोलले मी असं. भावाला जे बोलायचं राहून गेलं होतं ते बहिणीला बोलले, आणि तरातरा निघून आले. त्या मागून येतीलच, दुसऱ्या बोटीत बसतील, असं धरून चालले.

जहाजावर दाराशी गर्दी उसळली होती. बूट धुवायचे, जंतुनाशकात बुडवायचे, वाऱ्याने सगळे भेलकांडत होते. बूट घासताना मला समोर जिन्यावर अक्का दिसल्या. लाल जाकीट, ठेंगणी मूर्ती, डोक्याला मफलर, एक हात कठड्यावर. चढून वर गेल्या. मी बोर्डाकडे बघितलं तर अठ्ठ्याहत्तर लाल. परत विसरल्या! ह्या घराण्याला काही म्हणून सांगायची सोय नाही, असं पुटपुटत मी माझा एक्केचाळीस हिरवा केला आणि हात लांब करून अठ्ठ्याहत्तरही हिरवा केला.

मग कॉफी घ्यायला गेले. रागातच होते, म्हणून केबिनमध्ये गेले नाही.

बोटी वर ओढायला सुरुवात झाली होती. जहाज वाऱ्यामुळे लगेच निघणार होतं. तेवढ्यात स्पीकरवर घोषणा – बेचाळीस.

मी कप तसाच ठेवून खाली धावले. बोर्डावर बेचाळीसच्या खिळ्याला बिल्ला लटकत होता. लाल. लीडर बाई तिच्या माणसांना विचारत होती, हा कुणी लावला? कुणीच लावला नव्हता. मी तिला स्पष्ट सांगितलं, की हा माझ्या यजमानांचा नंबर आहे, ते वारलेत, बेटावर कुणीही राहिलेलं नाही, ह्या बिल्ल्यापायी शंभर माणसांना वाऱ्यात अडकवून ठेवू नका, चला. हो, मीच म्हणाले. जहाज सोडा असं मी म्हणाले.

तिने शांतपणे उत्तर दिलं, "बोर्ड एक माणूस बाहेर आहे म्हणतोय. मी बोर्डाचं ऐकते."

सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून नावानिशी हजेरी घेतली. अठ्ठ्याहत्तरला उत्तर आलं नाही. "त्या झोपल्या असतील, मी त्यांना वर जाताना बघितलंय," असं म्हणत मी केबिनकडे गेले. दार उघडलं. अक्कांची चादर सकाळी घडी घातली होती तशीच. पलंगाखाली त्यांच्या कापडी चपला शेजारी शेजारी. जिन्यावर मी बघितली ती तसंच लाल जाकीट घातलेली दुसरीच कुणीतरी होती.

पुढचा वेळ मला नीट आठवत नाही. बोट परत गेली. उजेड होता, तिकडे उन्हाळ्यात तो मावळता मावळत नाही, तेवढं एकच नशीब. अक्का गवताच्या एका घळीत पडल्या होत्या, पाय मुरगळलेला, वाऱ्यात हाक कुणाला ऐकू गेली नव्हती. शेवटचा फेरा मारणारी माणसं त्यांच्या दहा पावलांवरून गेली होती. बोटीतून त्यांना वर घेतलं तेव्हा ओठ निळे पडले होते. मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, "मला कळत होतं शालू, तू बोर्ड बघशील म्हणून."

डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन तास गेले असते तर कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी मी चौकशीला लागले. खण बघितला, रिकामा. त्याला कुलूप नव्हतं, म्हणजे कुणीही काढू शकला असता. पण का काढेल, आणि नेमका त्याच दिवशी का? कॅमेरा होता, पण त्याचं तोंड दाराकडे आणि बोर्ड त्याच्या पाठीमागे. मी एकेका माणसाला विचारलं, अगदी स्वयंपाक्यालाही. शेवटी लीडर बाईच वैतागली आणि म्हणाली, "बाई, तुमची नणंद जिवंत आहे ना?" आहे हो. पण हे काही उत्तर झालं? बंगळुरूला आल्यावर आयटीतला माझा भाचा म्हणतो, जहाज हलतं, बिल्ला फिरला असेल. फिरला असेल मान्य, पण खणातून खिळ्यावर गेला कसा? त्यावर तो "मावशी, कोइन्सिडन्स" म्हणून मोकळा होतो. माझ्या रजिस्टरात असलं कारण मी चालू दिलं नसतं.

आता बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच – रघूने बहिणीला वाचवलं. भजनाला गेलं तरी बेचाळीस नंबरचं सांगा म्हणतात. मी सांगते. पण अठ्ठ्याहत्तर हिरवा कसा होता, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

जहाजावर लीडर बाईने विचारलं होतं. मग स्वतःच म्हणाली, पहिल्या दिवसासारख्या विसरल्या असतील, उतरताना बिल्ला लाल केलाच नसेल. अक्का पलंगावरून म्हणाल्या, "केला होता की... केल्यासारखं वाटतंय." मी तिथेच उभी होते.

तेव्हापासून अक्कांनी धरलंय की आपल्याला विसरायला होतं. गॅस बंद केला का हे तीनदा बघतात. भाजीला एकट्या जाणं सोडलं. हातात एक छोटी वही असते, तीत 'औषध घेतलं', 'दार लावलं' असं लिहितात. परवा मला म्हणाल्या, "शालू, मेंदूच्या डॉक्टरांकडे नेशील का गं?" मी हो म्हटलं आणि घरी येऊन रडले. त्या रघूच्या फोटोसमोर दिवा लावतात आणि माझ्या हातचं खातात, आणि मी गप्प आहे.

बेचाळीस नंबरचं कारण मला माहीत नाही. तो रकाना आयुष्यात पहिल्यांदा मी रिकामा सोडतेय. ह्यांना हयातभर ज्याबद्दल बोलले, तेच ह्यांनी केलं, बिल्ला लाल ठेवला, आणि आता त्याबद्दल भांडायलाही माणूस समोर नाही.

अठ्ठ्याहत्तरचं कारण मात्र मी लिहू शकते. हे मासिक आमच्याकडे एकच येतं आणि आधी अक्का वाचतात, मग मला देतात. म्हणून इथे लिहितेय, तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. अक्का, तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. तुम्ही बिल्ला लाल केला होता. हिरवा मी केला.