दोनशे चौतीस

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. सात वर्षं झाली. काल सकाळी पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडली — आणि आज तुम्हाला सांगतोय, कारण एकदा सांगून झालं की दुसऱ्यांदा सांगणं सोपं जातं, असं वाटलं होतं. जात नाही.

मी इंग्लंडात, स्लाऊला राहतो. आठवडाभर कॉम्प्युटर आणि रविवारी रायफल. पन्नास मीटरवर पालथं झोपून कागदावर नेम धरायचा, साठ गोळ्या, सहाशे गुण. आमच्या क्लबातले काहीजण हरणांच्या शिकारीलाही जातात. काडतूस निवडताना ते फार गंभीर असतात. चुकीचं निवडलं तर जनावर जखमी होऊन झाडीत पळतं, तडफडतं. आमचं काय — कागद! कागदाला कुठे रक्त येतं? हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल...

पण आमचीही निवड असते, आणि ती फार नाजूक. एकाच कंपनीचं, एकाच लाल खोक्यातलं काडतूस, पण प्रत्येक लॉट, म्हणजे एका वेळी बनलेला माल, वेगळा. रायफलीला कुठला लॉट मानवेल हे तिचं तीच ठरवते. म्हणून दुकानदाराच्या रेंजवर रायफल शिकंज्यात आवळायची, प्रत्येक लॉटच्या दहा गोळ्या झाडायच्या आणि छिद्रं बघायची. जो लॉट दहाही गोळ्या एका जागी नेतो, तो आपला. तो संपला की संपला. पुन्हा तसा बनत नाही.

मीरा तेव्हा पंचविशीची. फार्मासिस्ट. जन्म इथलाच. क्लबात आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे तिला शिकवायला मीच. ‘काका, माझा रायफल डावीकडे जातो’ म्हणायची. ‘माझी रायफल जाते,’ मी म्हणायचो. ‘तिला कळतं का ती मुलगी आहे ते?’ — हे तिचं उत्तर. दोन वर्षांत ती माझ्यापुढे गेली. मी अकरा वर्षं काऊंटीच्या कपासाठी झोपत होतो त्या चटईवर. कधी तिसरा, कधी पाचवा. आणि ही दोन वर्षांत! मला आनंद झाला होता का? सगळ्यांना तसं सांगत तरी होतो.

स्पर्धेआधी आम्ही दोघांच्या रायफली एकाच दिवशी तपासल्या. दोन लॉट उरले होते — नंबर दोनशे चौतीस आणि दोनशे अडतीस. तिच्या रायफलीने चौतीसच्या दहा गोळ्या शर्टाच्या बटणाखाली झाकतील अशा घातल्या. अडतीसच्या मात्र इकडेतिकडे. माझ्या रायफलीलाही चौतीसच आवडला, पण तिच्याइतका नाही. क्लबात कुणाला कळू नये म्हणून आम्ही नोंदी मराठी आकड्यांत करायचो, तो आमचा खेळ होता. मी तिच्या कागदावर लिहिलं: २३४. पुढे बरोबरची खूण.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, काडतुसांच्या दुकानातून. मी ऑफिसात किटलीपाशी उभा. ‘काका, माझ्या कागदावर तुम्ही टू थर्टी एटला टिक केलीय ना?’

मला त्याच क्षणी कळलं. शनिवारच्या मराठी शाळेत ती अक्षरं शिकली होती, आकडे अर्धेच. आपला ४ तिला इंग्रजी आठ वाटला होता. इथे वाढलेल्या मुलांची ही ठरलेली चूक. मी शिकवताना दहादा हसलो होतो तिला. एक शब्द बोलायचा होता — ‘चार’. बस.

मी म्हणालो, ‘हो.’

आणि दुसऱ्या दिवशी जाऊन चौतीसचा उरलेला सगळा साठा मीच उचलला. म्हणजे घाईत तोंडातून गेलं, असंही नाही.

मी कप जिंकलो. माझे पाचशे त्र्याण्णव, तिचे पाचशे ब्याण्णव. नेमाच्या शेवटच्या कागदावर तिची एक गोळी कारण नसताना वर उडाली — मी दुर्बिणीतून पाहिलं आणि मला कारण माहीत होतं. ‘माझाच हात हलला,’ ती म्हणाली, आणि माझं अभिनंदन केलं. काऊंटीच्या संघात तिच्या जागी मी गेलो. तिने रायफल कपाटात ठेवली ती ठेवलीच. हात स्थिर नाही, हे तिच्या मनात बसलं होतं. पुढे लग्न करून इल्फर्डला गेली.

माझ्याकडे चौतीसची दोन खोकी उरली होती. सात वर्षं मला ती झाडवली नाहीत. टाकवलीही नाहीत.

या वर्षी ती परत आली. काल स्पर्धा होती. कार पार्कमध्ये तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं — फोन, किटली, चार, आठ, गाडीतली उरलेली दोन खोकी. तिने हात पुढे केला. ‘द्या.’ मी दोन्ही खोकी दिली.

काय सांगू तुम्हाला! मी माझे पाचशे अठ्ठ्याऐंशी करून बाजूला झालो आणि दुर्बिणीला डोळा लावला. दहा. दहा. दहा. एकाच छिद्रातून जणू पुन्हापुन्हा. सात वर्षांनी, त्याच रायफलीतून, त्याच हाताने. तो हात कधीच हलला नव्हता. नऊ आला की माझाच श्वास अडकायचा आणि पुढचा दहा आला की मी मूठ आवळायचो. अठरा वर्षांत स्वतःच्या एकाही गोळीसाठी मला इतका आनंद झाला नव्हता. शेवटची गोळी दहाच्या मधोमध गेली तेव्हा मी रेंजवर, जिथे कुजबुजतही नाहीत, तिथे ‘शाब्बास!’ ओरडलो. रेंज ऑफिसरने डोळे वटारले. वटारू देत.

कप तिचा. तिने टेबलावरचा पेन घेतला, आपल्या गुणांच्या कार्डावर मराठीत आकडा लिहिला — ५९४ — आणि माझ्यासमोर धरला.

‘फाइव्ह नाइन्टी फोर, काका,’ ती म्हणाली. हसली नाही. ‘फोर.’

कपाखालच्या पाटीवर तिचं नाव आता कोरलं जाईल. त्याच्या सात ओळी वर माझं आहे. ते चोरीचं आहे, हे काल संध्याकाळी मी स्पर्धेच्या सेक्रेटरीला लिहून दिलं.